जिन्याखाली चौघांपुरतं

घर भाड्यानं देताना मालक काय काय विचारतात याची मला तोवर चांगली सवय झाली होती. मासे खाता का, गावाकडून पाहुणे किती येतात, नोकरी कायम आहे का, टीव्ही मोठ्यानं लावता का. वाशीतल्या त्या रो-हाऊसचा वरचा मजला बघायला गेलो तेव्हा ही सगळी उत्तरं पाठ करून गेलो होतो. मालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. आम्हा नवराबायकोला समोर बसवलं, चष्मा पुसला आणि म्हणाले,

"तुम्हाला चौदा दिवस एका जागी बसता येईल का?"

मी म्हटलं, "येईल की. सरकारी नोकरीत आहे."

विनोद होता. लग्नाला चारच महिने झाले होते आणि बायकोसमोर हजरजबाबी दिसायची एकही संधी मी सोडत नसे. मालक हसले नाहीत. समोरच्या लांबट वहीत त्यांनी काहीतरी लिहिलं आणि बायकोकडे वळले. "आणि तुम्हाला?"

"शेजारी कोण बसणार त्यावर आहे," ती म्हणाली.

"योग्य मुद्दा," मालक म्हणाले आणि वहीत पुन्हा काहीतरी लिहिलं.

जागा आम्हाला मिळाली. ती माझ्या हजरजबाबीपणामुळे मिळाली, असं मी पुढे बरीच वर्षं समजत होतो.

चौदा दिवसांचा उलगडा चहा पिताना झाला. अणुबॉम्ब पडल्यावर चौदा दिवस घराबाहेर पडायचं नसतं. हवेत राख असते, ती वाऱ्याबरोबर येते, हळूहळू खाली बसते. तोवर जाड भिंतीच्या आत मुकाट्यानं बसून राहायचं. काकांनी (पहिल्या चहानंतर ते काका झाले, त्यांच्या मंडळी काकू) हे अशा सुरात सांगितलं, जसं दुसरा मालक सांगेल की पाणी सकाळी सहा ते आठ येतं. मग आम्हाला जिन्याखालची खोली दाखवली. वरच्या मजल्याला जिना बाहेरून होता. त्याच्याखाली लोक सायकल नाहीतर गॅसचं सिलिंडर ठेवतात. काकांनी तिथं दीड वीट जाडीची भिंत घातली होती, आतून पत्रा मारलेलं दार बसवलं होतं, आणि बाहेरून छातीएवढी वाळूची पोती रचली होती. आत दोन बाकडी, पाण्याची पिंपं, आणि डबे. दाराच्या मागच्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. तेव्हा मी तो वाचला नाही. हसू दाबण्यातच माझी सगळी शक्ती खर्च होत होती.

काका गोदीच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते, निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. खिशात दोन पेन्सिली, एक कडक, एक मऊ. गळ्यात जानव्यासारखी एक दोरी, तिला शिट्टी. एकाहत्तरच्या लढाईत ते परळच्या चाळीत वॉर्डन होते. खिडक्यांना काळे कागद लावून घ्यायचे, भोंगा झाला की घरोघरी दिवे बंद करायला लावायचे, म्हाताऱ्यांना हात धरून खाली आणायचे. लढाई संपली. पण संपल्याचं काकांना कोणी लेखी कळवलं नाही, त्यामुळे ते ड्यूटीवरच राहिले. मी स्वतः ऑफिसात जावक विभागात असल्यामुळे ही गोष्ट मला मनापासून पटली. आदेश निघाला नाही तर माणसानं जागा सोडायची कशी?

त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर दोन घड्याळं होती. एक मॉस्कोचं, एक वॉशिंग्टनचं. वाशीचं घड्याळ नव्हतं. काकूंना त्याचं काही वाटत नसे. "मॉस्कोत साडेनऊ झाले की मी कुकर लावते," त्या बायकोला सांगायच्या. "आणि त्या दुसऱ्याचं बघूच नकोस, ते लोक आपण जेवायला बसलो की झोपलेले असतात."

घड्याळांच्या मधे मुंबईचा नकाशा. खाडीच्या पलीकडे, ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावर, जिथं अणुभट्टीचा पांढरा घुमट आमच्या गच्चीवरूनही दिसायचा, तिथं काकांनी कंपासचं टोक रोवलं होतं आणि तीन वर्तुळं काढली होती. पहिल्या वर्तुळातल्यांविषयी ते बोलत नसत. आम्ही दुसऱ्यात होतो.

"पण काका, रशिया आपला मित्र," मी एकदा म्हटलं. "आपल्यावर टाकणार कोण?"

"एकाहत्तरला अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागरापर्यंत आलं होतं."

"ते वीस वर्षांपूर्वी. आता रशियाच राहिला नाही. फुटला. टीव्हीवर झेंडा उतरवताना दाखवला सगळ्यांनी."

"झेंडा उतरवला," काका म्हणाले. "बॉम्ब कोणी उतरवलेले दाखवले?"

माझं युद्धशास्त्राचं ज्ञान एवढंच होतं. काका पेन्सिलीला टोक करत पुढे म्हणाले, "दोघं एकमेकांना भिऊन होते, तोवर एक हिशेब होता. आता त्या सामानाच्या चाव्या कोणाकोणाच्या खिशात आहेत, ते कोणालाच नक्की माहीत नाही. पोती हलवायची नाहीत."

काकू म्हणतात, झेंडा उतरवला त्या आठवड्यात त्यांनी तीन दिवस दाढी केली नव्हती. आनंद की दुःख, ते काकूंनाही कळलं नाही. चौथ्या दिवशी दाढी केली आणि पोत्यांवर नवीन ताडपत्री घातली.

गच्चीवर एका लोखंडी सळईला लोकरीचा लाल धागा बांधलेला होता. रोज सकाळी काका वर जाऊन तो बघायचे आणि जिन्यातून उतरता उतरता जाहीर करायचे, "वारा पश्चिमेचा. आज नको!" म्हणजे आज युद्ध नको, राख सरळ खाडी ओलांडून आपल्याकडे येईल. धागा उलट दिशेला असला, तळोज्याकडच्या कारखान्यांचा सडक्या अंड्यांसारखा वास घेऊन पूर्वेचा वारा सुटला, की अख्खी वाशी नाकाला रुमाल लावायची आणि काका प्रसन्न चेहऱ्यानं खाली यायचे. "वारा पूर्वेचा. आज हरकत नाही!" माझी बायको यावर फक्त कपडे कुठल्या बाजूला वाळत घालायचे ते ठरवायची. अणुयुद्धाचा इतका घरगुती उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

पोत्यांचीही एक गोष्ट आहे. पहिली पोती काकांनी एपीएमसी मार्केटमधून आणवली होती. हणमंतराव म्हणून साताऱ्याकडचे एक माथाडी शेजारच्या सेक्टरमध्ये राहायचे, त्यांनी कांद्याच्या रिकाम्या गोण्या आणून दिल्या. काकांनी त्यात वाळू भरली, मोजून रचली, नकाशा काढून ठेवला. आठ दिवसांत पोती निम्मी झाली. वाळू दारातून गटारापर्यंत पसरली होती. हणमंतराव बघायला आले आणि पोट धरून हसले.

"काका, कांद्याची गोनी इरळच इनत्यात. कांद्याला वारं लागाय पायजे, न्हाय तर कुजतोय. मला कुटं ठावं तुमी वाळू भरनार म्हून? वाळूला साखरंची बारदानं लागत्यात."

साखरेची आणली. ती रचून झाल्यावर हणमंतरावांनी घाम पुसत आत डोकावून बघितलं. "झ्याक केलंय. ह्यात कितीजन मावत्यात?"

"चार," काका म्हणाले. "हवेच्या हिशेबानं चारच."

"आन आमी कुटं जायाचं, बाम पडल्यावर?"

काकांनी पुन्हा एकदा बाकडी मोजली. "तुम्ही गावी जा. सातारा वर्तुळाबाहेर आहे."

"गावीच ऱ्हायलो आसतो तर ही पोती तुमची कुनी व्हायली आसती?" हणमंतराव म्हणाले आणि चहा पिऊन गेले. ते हसतच गेले, पण काकांनी त्या दिवशी खोलीच्या आराखड्यापुढे बराच वेळ काढला. खोली मोठी करता येईल का ते बघत होते. येत नव्हती. पलीकडे शेजाऱ्याची भिंत होती.

जिन्याखालचा साठा दर तीन महिन्यांनी बदलायचा असा नियम होता. चिवडा, भाजणी, शेंगदाण्याचे लाडू, डाळतांदूळ. नवा साठा आत गेला की जुना बाहेर यायचा, आणि तो टाकायचा नाही, हाही नियम. तो आम्ही खायचा. त्या घरातल्या सहासात वर्षांत मी अणुयुद्धाचा चिवडा किती खाल्ला असेन याला गणती नाही. नरम पडलेला, किंचित पत्र्याचा वास येणारा. ऑफिसात डबा उघडला की सहकारी विचारायचे, "काय रे, पुन्हा महायुद्ध टळलं वाटतं?" कारण ऑफिसात सगळ्यांना काका माहीत झाले होते. मीच ते करून दाखवायचो. वाऱ्याची घोषणा, घड्याळं, गळ्यातली शिट्टी. जावक विभागात दुपारी गर्दी व्हायची. माझ्या कागदांना इतकी गर्दी कधी झाली नाही.

आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी कवायत. दहा वाजता काका एक लांब शिट्टी वाजवायचे आणि हातात स्टॉपवॉच घेऊन पत्र्याच्या दारापाशी उभे राहायचे. आम्ही असू तसे खाली धावायचं. काकूंच्या एका हातात पळी असायची. बायको उत्साहानं पळायची, तिला शाळेत धावण्याचं बक्षीस होतं. मी शेवटी, बहुतेक वेळा गालावर साबण घेऊन. "तीन मिनिटं पन्नास," काका वहीत लिहायचे. "राख तुमच्या दाढीसाठी थांबणार नाही."

पुढे आम्हाला मुलगी झाली. बारसं खालीच, काकांच्या बैठकीच्या खोलीत, मॉस्को आणि वॉशिंग्टनच्या साक्षीनं झालं. काकाकाकूंना मूलबाळ नव्हतं. काकूंनी पाळणा सजवला. काका मधेच उठून कुठेतरी गेले आणि घटकाभरानं हाताला लागलेली शाई पुसत परत आले. कुठे गेला होतात म्हणून मी विचारलं नाही. मी पेढे वाटत होतो.

मुलगी बोलायला लागली तेव्हा तिचा तिसरा की चौथा शब्द 'वाला' होता. वारा. काका तिला कडेवर घेऊन रोज गच्चीवर धागा दाखवायला न्यायचे.

आता जे सांगायचं ते जरा पटकन सांगतो. आमच्या रांगेत गणपती बसायचा आणि एका संध्याकाळी विविध गुणदर्शन व्हायचं. ऑफिसातल्या यशानं माझं डोकं फिरलेलं होतं. मी नाव दिलं. कार्यक्रम एकपात्री, 'अणुबॉम्बकाका'. डोक्यावर पातेलं, गळ्यात जत्रेतली शिट्टी, कमरेला बांधलेली चिवड्याची पिशवी. बायकोनं दुपारीच सांगितलं होतं, "हे करू नका. ते समोर बसणारेत."

"अगं, गंमत आहे. त्यांनाही आवडेल."

"आपल्याला कोणी असं केलं तर तुम्हाला आवडेल?"

मला तेव्हा वाटलं, माझी नक्कल कोण करणार, माझ्यात करण्यासारखं आहे काय.

काका पहिल्या रांगेत बसले होते. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होते. काकूसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. काका मात्र परीक्षेचा पेपर तपासावा तसं बघत होते. कार्यक्रम संपल्यावर ते पडद्यामागे आले. मी पातेलं काढून ठेवलं.

"शिट्टी तीनदा वाजवत नाहीत," काका म्हणाले. "एकदाच, लांब. बाकी ठीक होतं."

एवढंच. पुढच्या महिन्यात कवायतीच्या आधी ते स्वतः वर आले. दारातच उभे राहून म्हणाले, "तुम्ही आजपासून आला नाहीत तरी चालेल. सक्तीनं शिकवलेलं आयत्या वेळी आठवत नाही." रागानं नाही. रजा मंजूर करावी तसं. मी सुटलो. खाली शिट्टी वाजली, बायको मुलीला उचलून पळाली, आणि मी पेपर उघडून आरामात बसलो. परत आल्यावर तिनं मला फक्त आकडा सांगितला, "एक मिनिट चाळीस," आणि मुलीला न्हाऊ घालायला घेऊन गेली. मग दर शेवटच्या रविवारी मी असा पेपर वाचत बसायचो. इतका सावकाश पेपर मी एरवी कधी वाचला नाही.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात आपल्या देशानं वाळवंटात अणुचाचण्या केल्या. वाशीत फटाके वाजले, मीही ऑफिसात पेढे वाटले. जावक विभागातर्फे मी दोन शब्दही बोललो. राहिलेला पुडा घेऊन संध्याकाळी खाली गेलो. मला वाटलं, आता काका म्हणतील, 'बघा, मी सांगत नव्हतो?' काकांनी पेढा घेतला, तोंडात टाकला, नकाशाकडे बघितलं.

"चांगला आहे पेढा," ते म्हणाले. "आजवर आपण फक्त वर्तुळात होतो. आता वर्तुळं काढणाऱ्यांतही आलो."

"म्हणजे आता कोणाची हिंमत होणार नाही, काका!"

"तसंच ते दोघंही म्हणायचे," काका म्हणाले, आणि बोटानं एकदा मॉस्को दाखवलं, एकदा वॉशिंग्टन. "पन्नास वर्षं रोज म्हणायचे. एक दिवस जरी चुकला असता तरी पुरलं असतं."

पंधरा दिवसांनी शेजारच्या देशानंही चाचण्या केल्या. फटाके थांबले. एका सकाळी पेपरात मुंबईचा नकाशा छापून आला, आणि त्यावर वर्तुळं. काकांचीच वर्तुळं, फक्त रंगीत. तीच वर्तुळं खालच्या भिंतीवर मी सहा वर्षं बघत होतो आणि हसत होतो. छापून आली म्हटल्यावर मी बोटानं त्यात वाशी शोधायला लागलो. माणूस सांगतो तेव्हा वेडा, आणि पेपर सांगतो तेव्हा खरं, असा माझा एकूण बाणा. मॉस्को लांब होतं, वॉशिंग्टन त्याहून लांब. हे तर उठून दोन पावलांवर होतं. त्या दिवसापासून मी लाल धागा बघायला गच्चीवर जायला लागलो. काका खाली उतरल्यानंतर, त्यांना दिसणार नाही असा.

आणि मग तो रविवार. कवायतीचा नव्हे, साधा. सकाळचे अकरा वाजले असतील. गच्चीवर काकू आणि बायको कुरडया घालत होत्या. मुलगी घरात माझ्या पायाशी खेळत होती आणि मी दाढी करत होतो. तेवढ्यात लांबून भोंगा वाजायला लागला. कारखान्यांचे भोंगे आम्हाला रोजचे होते, पण ते वाजायचे आणि थांबायचे. शिवाय रविवार. हा थांबेना. खालून शिट्टी आली. एकदाच. लांब.

मी मुलीला काखोटीला मारलं आणि धावलो. जिन्याला सतरा पायऱ्या होत्या, त्यातल्या मला चारच आठवतात. दारापाशी काका उभे होते, डोक्यावर पत्र्याचं पिवळं हेल्मेट, हातात स्टॉपवॉच. मी त्यांच्या बाजूनं आत घुसलो आणि बाकड्यावर जाऊन आदळलो.

"काका, आत या!" मी ओरडलो. हे मी खरंच म्हटलं. एकदा.

"वॉर्डन आत बसत नाही," काका म्हणाले.

आणि मी म्हणालो, "मग दार लावून घ्या!"

काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग दार लावलं. मी आतून कडी घातली.

अंधार. साखरेच्या बारदानांचा आणि चिवड्याचा वास. हात लावला तर टॉर्च खुंटीला, असायला हवी तिथंच होती. मी ती पेटवली. उजेड दाराच्या मागच्या बाजूवर पडला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मी तो कागद वाचला. काकांचं अक्षर, छापल्यासारखं. वर 'क्षमता: चार'. खाली चार नावं. काकूंचं, बायकोचं, माझं. चौथं नाव काकांचं होतं, त्यावर पट्टी लावून एक सरळ रेघ मारलेली, आणि त्याच्यापुढे माझ्या मुलीचं. ड्राफ्ट्समन माणूस काही खोडत नाही. बदल केला की कोपऱ्यात चौकट आखून, तारीख घालून तशी नोंद करतो. इथंही कोपऱ्यात चौकट होती. 'फेरफार १. एक नाव कमी, एक दाखल.' तारीख बारशाची होती.

म्हणजे मी डोक्यावर पातेलं घालून रंगमंचावर उभा होतो, तेव्हा हा कागद इथं असाच होता. आणि त्यानंतरही, माझं नाव तसंच. त्यावर पट्टी लावायला काय लागलं असतं?

"बाबा," मुलगी म्हणाली, "आई?"

तेवढ्यात दारावर थाप पडली. "अहो, उघडा," काकांचा आवाज, अगदी शांत. "दोघी राहिल्यात."

मी कडी काढली. बाहेर ऊन होतं. बायको उभी होती, कोपरापर्यंत कुरडयांचा चीक, शेजारी काकू सोऱ्या घेऊन. भोंगा अजून वाजत होता. बायकोनं आधी मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कडीकडे.

"दार लावलं होतंत?"

"मी लावलं," काका म्हणाले. "नियम आहे."

आम्ही चौघं आत बसलो. काका बाहेर. पाचेक मिनिटांनी भोंगा घरघरून बंद पडला. तळोज्याच्या बाजूला कुठल्याशा कारखान्याचा भोंगा अडकून बसला होता, असं संध्याकाळी कळलं. काकांनी लगेच दार उघडू दिलं नाही. आधी गच्चीवर जाऊन धागा बघून आले, मग म्हणाले, "या बाहेर. वारा पश्चिमेचा होता. तरी वाचलो."

काकूंनी हात धुतले. "यांना आत का घेत नाही म्हणून विचारतील मला लोक," त्या बायकोला म्हणाल्या. "मीच नको म्हटलं बाई. चौदा दिवस त्या खोलीत यांचं बोलणं ऐकायचं? त्यापेक्षा राख बरी." आम्ही सगळे हसलो. काकाही. काकूंचे डोळे मात्र हसत नव्हते, एवढं मला त्या दिवशी दिसलं.

काकांनी मला वाचवलं, पण मुलीनं नाही वाचवलं. तीन वर्षांचं पोर. ऐकलेलं सगळं जसंच्या तसं बोलायचं तिचं वय. जेवताना भाताचा घास हातात धरून ती आईला म्हणाली, "आजोबा बाहेर होते. बाबा म्हणाले, दार लावून घ्या." बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही. वाढताना फक्त वरणाचं पातेलं जरा जोरात ठेवलं. आता मुलगी मोठी झाली आहे, तिला नोकरी आहे, मतं आहेत, आणि घरात कोणी पाहुणे आले की मी शौर्याविषयी काही बोलायला लागण्याची ती वाट बघत असते.

त्याच दुपारी मी खाली गेलो. जिन्यात वाक्य पाठ करत होतो. काका, त्या यादीत एक दुरुस्ती करा. माझं नाव काढा, तुमचं घाला. साधं वाक्य होतं, ऑफिसात अशी दहा टिपणं मी रोज पाठवतो. काका पेन्सिलीला टोक करत बसले होते.

"बोला," ते म्हणाले.

मॉस्कोचं घड्याळ टिकटिकत होतं.

"चिवडा बदलायचा झालाय का?" मी विचारलं.

"पुढच्या रविवारी," काका म्हणाले.

पुढच्या वर्षी आम्ही खारघरला स्वतःचा फ्लॅट घेतला. डोंगर दिसतो, हवा चांगली आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे नकाशा अंथरून मी दोऱ्यानं मोजलं होतं. आमची बिल्डिंग तिसऱ्या वर्तुळाच्या अर्धं बोट बाहेर येत होती. वास्तुशांतीला काकाकाकू आले. काका बाल्कनीत उभे राहिले, पश्चिमेकडे बघून डोळे बारीक केले आणि म्हणाले, "बाहेर आहे. बरं केलंत." त्यांनी आहेर म्हणून काय आणलं असेल? लोकरीचा लाल धागा. तो अजून बाल्कनीच्या गजाला आहे. तिसरा की चौथा धागा असेल आता, मीच बदलतो.

काका त्यानंतर चार वर्षांनी गेले. बॉम्बनं नाही. भाजी घेऊन येताना फाटकाशी बसले ते उठले नाहीत. दिवस झाल्यावर काकूंनी मला बोलावलं. जिन्याखालची खोली आवरायची होती. पोती उचलायला हणमंतराव आले होते, आता केस पांढरे झालेले. एकेक पोतं पाठीवर घेताना ते मधेच थांबले आणि म्हणाले, "आक्शी घट शिवली व्हती. एक दाना सांडला न्हाय." डबे काढले, पिंपं उपडी केली. काकूंनी ती लांबट वही माझ्या हातात दिली. "तुमच्याच नोंदी आहेत जास्त. घेऊन जा."

मी तिथंच पायरीवर बसून वही उघडली. तारीख, वारा, नाव, वेळ, शेरा. पहिल्याच पानावर घर बघायला आलो त्या दिवसाची नोंद होती. माझ्या नावापुढे, 'विनोद करतात.' बायकोच्या नावापुढे, 'शहाणी. जागा द्यावी.'

पुढची पानं कवायतींची. माझी वेळ, माझी वेळ, गालावर साबण, माझी वेळ. मग गणपतीनंतरचा महिना. माझ्या नावापुढे 'गैरहजर', आणि शेऱ्याच्या रकान्यात कडक पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, 'काळजी नाही. भित्रे आहेत. वेळेवर येतील.' त्यानंतर प्रत्येक महिन्याला फक्त गैरहजर, गैरहजर, गैरहजर.

मग तो भोंग्याचा रविवार. वारा पश्चिमेचा. माझी वेळ अठ्ठेचाळीस सेकंद, खाली दोन रेघा, म्हणजे त्या वहीतला विक्रम. आणि पुढे शेरा, एकच शब्द.

'पोचले.'